छातीत धडधडतंय, रिपोर्ट सगळे नॉर्मल – मग रोज करायचं काय?

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणाऱ्यांचं वय ३३, सांगलीत विश्रामबागला राहतात, एका पतसंस्थेत कॅशवर बसतात. दीड वर्षापूर्वी कोल्हापूरला जाताना एसटी अंकलीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकली, अचानक छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या, दरदरून घाम, 'आता संपलं' असं वाटलं, तिथंच उतरून रिक्षानं परत आले. ईसीजी, टूडी एको, थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. तेव्हापासून एसटीत बसलेले नाहीत, जिना टाळतात, नाडी दाखवणारं घड्याळ दिवसातून तीस-चाळीस वेळा बघतात, रात्री तीनला जाग येते. गोळ्या नकोत कारण सवय लागते म्हणतात. तर रोजच्या कुठल्या सवयींनी हे कमी होईल?

दादा, मी बावीस वर्षं सांगली-मिरजेत मानसोपचाराची प्रॅक्टिस करतोय आणि तुमच्यासारखी माणसं माझ्या बाहेरच्या बाकावर रोज बसलेली असतात. मांडीवर पिशवी, पिशवीत ईसीजीच्या पट्ट्या, एकोचा रिपोर्ट, रक्ताचे तीन-चार कागद, सगळे नॉर्मल, आणि चेहऱ्यावर 'मग मला होतंय तरी काय' हा प्रश्न. आमच्याकडं यायच्या आधी फॅमिली डॉक्टर, हार्टचे डॉक्टर, पोटाचे डॉक्टर आणि मधेच मावशीनं सांगितलं म्हणून बाहेरचं बघणारा कोणीतरी, असा सगळा फेरा झालेला असतो. 'गॅस छातीत चढलाय' हे तर इतक्यांदा ऐकलंय की आता मी त्यावर काही बोलतच नाही, फक्त विचारतो की गॅस चढायच्या आधी डोक्यात काय चाललं होतं.

सवयींची यादी तुम्हाला कुठंही मिळेल, पहाटे उठा, योगा करा, पॉझिटिव्ह विचार करा वगैरे. त्यातलं काही खरंय, काही नुसतं बोलायला बरं. पण तुम्ही विचारताय नवीन काय सुरू करू, आणि मला वाटतं की आधी ह्या दीड वर्षात तुम्हाला न कळत ज्या सवयी लागल्यात त्या बघाव्यात. एसटी टाळायची, जिना सोडून लिफ्ट धरायची, घड्याळ बघायचं, बायकोला 'माझा चेहरा पांढरा पडलाय का बघ गं' विचारायचं, ह्या सुद्धा रोजच्या सवयीच आहेत की, आणि चिंता ह्यांच्यावरच पोसली जाते. सकाळी अर्धा तास प्राणायाम केला आणि दिवसभर चाळीस वेळा नाडी बघितली तर हिशोब कुठं जातो ते कॅशवर बसणाऱ्या माणसाला मी काय सांगू.

त्या दिवशी पुलावर काय झालं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. बस बंद, उकाडा, आधी बहुतेक झोप कमी झालेली, पोटात चहा. मेंदूतल्या धोक्याच्या घंटेनं चुकून घंटा वाजवली. घंटा वाजली की ॲड्रेनॅलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, श्वास वाढतो, घाम येतो, म्हणजे अंग पळून जायच्या किंवा भांडायच्या तयारीत येतं. समोर बैल उधळला असता तर हेच झालं असतं आणि तुम्ही त्याला आजार म्हटलं नसतं. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानं बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग माणूस म्हणतो मुंग्या आल्या म्हणजे अटॅकच, घंटा आणखी जोरात वाजते, आणि हे चक्र काही मिनिटांत टोकाला जातं. ह्यालाच आम्ही पॅनिक अटॅक म्हणतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. ते टोक साधारण दहा मिनिटांच्या आत येतं आणि मग आपोआप खाली यायला लागतं, कारण शरीराला तो वेग तासन्‌तास धरून ठेवणं परवडत नाही. तुम्ही उतरलात, रिक्षात बसलात आणि बरं वाटलं, मग मेंदूनं लिहून ठेवलं की उतरलो म्हणून वाचलो. प्रत्यक्षात तुम्ही सीटवर बसून राहिला असता तरी जयसिंगपूरच्या आसपास ते ओसरलंच असतं. पण ते तुम्हाला कधी बघायलाच मिळालं नाही, कारण त्यानंतर तुम्ही एसटीची पायरीच चढला नाहीत. सगळा गुंता एवढाच आहे.

आणखी एक, बेशुद्ध पडेन अशी भीती बहुतेकांना असते. बेशुद्ध पडायला रक्तदाब एकदम खाली जावा लागतो, पॅनिकमध्ये तो उलट थोडा वर जातो, त्यामुळं पॅनिकमध्ये माणूस सहसा पडत नाही, पडतोय असं वाटत राहतं फक्त. रक्त किंवा सुई बघून चक्कर येणारे लोक वेगळे, त्यांचं गणित निराळं आहे.

घड्याळाचं बोलू. इथं मी स्वतःचंच उदाहरण देतो म्हणजे तुम्हाला वाटायला नको की डॉक्टर वरून ज्ञान पाजळतोय. आमचं जुनं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जिथं ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका धरतात. तळमजल्यावर काय शिल्लक राहिलं ते सांगत बसत नाही, सांगलीकरांना ठाऊक आहे. पुढच्या वर्षी जुलै लागला आणि मी, रोज दहा लोकांना 'पुन्हा पुन्हा चेक करू नका' सांगणारा माणूस, रात्री दोनला उठून मोबाईलवर कोयनेचा विसर्ग किती क्युसेक, आयर्विनची पातळी किती, अलमट्टी धरणात किती, हे बघत होतो. बघितलं की पाच मिनिटं बरं वाटायचं, मग परत हात मोबाईलकडं. बायकोनं विचारलं, 'आकडा बघून पाणी उतरतंय का?' तेव्हा लाज वाटली खरी.

मग मी ठरवलं की दिवसातून दोनदाच बघायचं, सकाळी आठ आणि संध्याकाळी सात, आणि एका आकड्याला काय करायचं ते आधीच कागदावर लिहून ठेवायचं, म्हणजे ३५ फूट झालं की कागदपत्रं आणि गॅस सिलेंडर वर, ४० झालं की आई मिरजेला बहिणीकडं. एवढं लिहिलं की बघण्याला अर्थ आला. २०२१ ला परत पूर आला तेव्हा त्या कागदाचा उपयोग झाला, रात्री दोनला बघितलेल्या आकड्यांचा काडीचा झाला नाही. तयारी आणि तपासणी ह्यात हा फरक आहे, तयारीत काहीतरी करायचं असतं, ते केलं की विषय संपतो, तपासणी मात्र दर दहा मिनिटांनी नवीन मागते. पुराच्या बाबतीत निदान आकड्याला अर्थ तरी होता. तुमच्या नाडीचं तसंही नाही. नाडी ७२ वरून ९५ झाली म्हणजे काय तर तुम्ही उठून पाणी प्यायला गेलात, किंवा घड्याळ बघताना घाबरलात.

म्हणून घड्याळ काढा. एकदम जमत नसेल तर पहिले चार दिवस नाडी दाखवणारा भाग बंद करा, मग झोपताना काढा, मग ऑफिसला जाताना घरी ठेवा. पहिले दोन-तीन दिवस बेचैनी वाढेल, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की डॉक्टरांनी सांगितलं आणि त्रास वाढला. वाढतोच, मग उतरतो. मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायची सवय असेल तर ती पण ह्यातच आली. आणि 'तरुणांमध्ये हार्ट अटॅक' असली रील्स, तुम्ही दोन बघितली की मोबाईल तुम्हाला वीस दाखवतो.

रिपोर्टचंही तेच. तुमच्या तपासण्या झाल्यात, हार्टच्या डॉक्टरांनी बघितलंय, तेवढं पुरे. मन मानत नाही म्हणून दर तीन महिन्यांनी नवीन ईसीजी काढायचा नाही. हां, चालताना किंवा ओझं उचलताना छातीत आवळून दुखायला लागलं आणि थांबलं की कमी होतंय, दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय, खरोखर शुद्ध गेली, किंवा वजन घटतंय, तर हे माझं सगळं बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टर गाठा. शाकाहारी असाल आणि बी-१२ कधी बघितलं नसेल तर ते एकदा बघून घ्या, आपल्याकडं त्याची कमतरता खूप सापडते आणि थकवा, मुंग्या, चिडचिड ह्यात ती भर घालते. एकदाच.

आता एसटी. हे उत्तर लांबण्याचं खरं कारण हेच आहे, कारण बाकी सगळं केलं आणि हे टाळलं तर सहा महिन्यांनी तुम्ही तिथंच असाल. ज्याची भीती वाटते ते पायरीपायरीनं करत जायचं, आम्ही ह्याला शिडी म्हणतो, तुमच्या सुदैवानं तुमची शिडी एसटीनंच बनवून ठेवलीय. पहिली पायरी, सांगली स्टँडवर जाऊन कोल्हापूरच्या फलाटावर वीस मिनिटं नुसतं बसायचं, कुठं जायचंच नाही. दुसरी, सांगली-मिरज बसनं जायचं आणि यायचं, गर्दीच्या वेळी. तिसरी, अंकलीपर्यंत, पूल ओलांडून उतरायचं आणि दुसऱ्या गाडीनं परत. चौथी जयसिंगपूर, पाचवी हातकणंगले, सहावी कोल्हापूर. प्रत्येक पायरी एकदा करून 'झालं' म्हणायचं नाही, कंटाळा येईपर्यंत करायची, चार वेळा, सहा वेळा. कंटाळा आला की समजायचं मेंदूनं ती पायरी खोडली. आणि रोज किंवा एक दिवसाआड करायची, महिन्यातून एकदा केलं तर मेंदू मधल्या दिवसात आधीचं विसरतो आणि दरवेळी नव्यानं घाबरतो.

निघायच्या आधी एका वहीत एक ओळ लिहा, मला काय होईल असं वाटतंय आणि ते होण्याची खात्री किती टक्के. उदाहरणार्थ 'अंकलीच्या पुलावर मी बेशुद्ध पडेन, ८० टक्के'. परत आल्यावर त्याखाली लिहा की प्रत्यक्षात काय झालं. 'धडधडलं, घाम आला, पडलो नाही, कंडक्टरनं सुट्टे नाहीत म्हणून बडबड केली.' असं लिहा, खरं जे झालं ते. पूर्वी आम्ही पेशंटला सांगायचो की भीती निम्मी होईपर्यंत जागचं हलायचं नाही. आता तेवढा आग्रह धरत नाही, कारण भीती त्याच दिवशी उतरो न उतरो, तुम्ही जे होईल म्हणत होता ते झालं नाही हे मेंदूला दिसणं जास्त कामाचं असतं. म्हणून ती वही महत्त्वाची, डोक्यात ठेवलं तर डोकं लबाडी करतं, 'आज वाचलो, उद्याचं काय सांगावं' म्हणतं.

लबाडी माणूस पण करतो. एसटीत बसतो पण दाराजवळच्याच सीटवर, हातात पाण्याची बाटली घट्ट, तोंडात वेलदोडा, खिशात अर्धी झोपेची गोळी, बायकोचा नंबर स्क्रीनवर उघडून ठेवलेला. मग कोल्हापूर आलं तरी मेंदू म्हणतो, वेलदोड्यानं वाचवलं. सुरुवातीला ह्यातलं एखादं असू दे, मी काही तालमीतला वस्ताद नाही पहिल्याच दिवशी शंभर जोर मारायला लावणारा, पण पायरीगणिक एकेक सोडायचं हे डोक्यात ठेवा. आधी बायको बरोबर, मग बायको मागच्या सीटवर, मग बायको घरी. घरच्यांना ज्योतिबाला किंवा नरसोबाच्या वाडीला नेऊन आणायचं असलं तर मी अडवत नाही, श्रद्धेशी माझं भांडण नाही, जा, पण एसटीनं जा.

जिन्याचंही असंच. हार्ट ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग मुद्दाम जिना चढा, दोन मजले, जरा भरभर. धडधडेल, धाप लागेल, म्हणजे पुलावर जे झालं त्यातलं निम्मं तुम्ही स्वतः घडवून आणलंत, आणि वर जाऊन उभं राहिलात की दोन-तीन मिनिटांत ते आपोआप बसतं हे तुम्हाला दिसतं. धडधड म्हणजे धोका ही जी गाठ बसलीय ती अशी सुटते. ह्याच कारणासाठी मी चालायला सांगतो, नुसतं 'फ्रेश वाटतं' म्हणून नाही. आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. आमराईत जा, कृष्णेच्या घाटावर जा, हरिपूर रोडला जा, कुठंही जा, फक्त ग्रुपबरोबर दहा मिनिटं चालून चाळीस मिनिटं टपरीवर बसायचा जो प्रकार आहे तो नको.

टपरीवरून चहा आला. पतसंस्थेत दिवसाला किती चहा होतात ते मला माहीत आहे, कोणीही आलं की चहा, वसुलीवाला आला चहा, संचालक आले चहा. कप अर्धाच असतो म्हणून कोणी मोजत नाही. चहा-कॉफीतलं कॅफिन नाडी वाढवतं, हाताला कंप आणतं, आणि अंगातून निम्मं जायलाच त्याला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला निम्मा आत असतो. मी चहा बंद करा म्हणत नाही, सांगलीत राहून तसं म्हणणं बरोबर नाही. सात-आठवरून दोन-तीनवर या, दुपारी तीननंतर नको, आणि एकदम तोडू नका, डोकं ठणकतं, दर दोन दिवसांनी एक कमी करा. तंबाखू असेल तर, आता तुम्ही लिहिलेलं नाही पण विचारून ठेवतो, बार भरला की टेन्शन उतरतं असं लोक ठामपणे सांगतात. उतरतं ते तलफेचं टेन्शन, जे तंबाखूनंच चढवलेलं असतं, निकोटिन स्वतः नाडी वाढवतं. रात्री दोन पेग मारून झोप लागते हेही तसंच, झोप लागते आणि दारू उतरायला लागली की पहाटे जाग येते, छाती धडधडत.

श्वासाबद्दल सगळे सांगतात आणि बहुतेक जण चुकीचं करतात. 'खोल श्वास घ्या' म्हटलं की माणूस छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतो आणि वर सांगितला तो कार्बन डायऑक्साइडचा घोळ आणखी वाढतो. श्वास मोठा नको, हळू हवा, आणि सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. नाकानं चार आकडे मोजत घ्या, पोट वर येईल इतकाच, आणि सहा आकडे मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. सोडताना हृदयाचा वेग थोडा कमी होतो ही शरीराची मूळ रचनाच आहे, म्हणून सोडणं लांबवायचं. आकडे मोजायचा वैताग येत असेल तर आरती किंवा जप मोठ्यानं म्हणा, बोलताना आपण श्वास सोडतच असतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी मंत्र आणि ख्रिस्ती जपमाळ म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले होते, तिथंही मिनिटाला सहाच्या आसपास आले. आमच्या आज्जीला हे कोणी सांगितलं नव्हतं पण तिची रोजची अर्ध्या तासाची पोथी तेच करत होती.

पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, बरं वाटत असताना. घाबरल्यावर पहिल्यांदा करायला जाल तर जमणार नाही. आणि एसटीत 'आता श्वास केला नाही तर मरेन' अशा भावनेनं करू नका, मग तोही वेलदोडाच झाला.

रात्री तीनची जाग. जाग आली की वेळ बघू नका, तीन वाजलेत कळलं की लगेच डोकं हिशोब करतं की आता अडीच तासच राहिले. वीसेक मिनिटं लोळून झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात, काहीतरी कंटाळवाणं वाचा, पेंग आली की परत. सकाळी उठायची वेळ मात्र एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी, रविवारी सुद्धा. झोप झाली नाही म्हणून रात्री नऊलाच अंथरुणात शिरणारे लोक स्वतःचं नुकसान करून घेतात, दोन तास जागेच राहतात आणि अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा असं मेंदूला शिकवतात.

आता काळजीचीच जागा आणि वेळ ठरवायचं सांगतो. हे ऐकून लोक हसतात. अमेरिकेत थॉमस बोर्कोवेक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये हा प्रकार मांडला, दिवसातली एक ठराविक वेळ आणि एक ठराविक जागा फक्त काळजी करायला, बाकी वेळी काळजी आली की 'संध्याकाळी बघू' म्हणून चिठ्ठीवर टिपून ठेवायची. माझ्याकडं तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार यायचे, ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. ऑक्टोबर छाटणी झाली की त्यांची झोप उडायची, आभाळ आलं की दावण्या, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, येणार, कर्ज आहे, मुलीचं लग्न आहे, रात्रभर हवामानाचं ॲप. त्यांना 'काळजी करू नका' म्हणणं म्हणजे मूर्खपणा, बागेची काळजी खरीच होती. आम्ही एवढंच केलं की रोज संध्याकाळी साडेसहा ते सात, शेडमधल्या लोखंडी खुर्चीवर बसून वहीत दोन रकाने. एकात ज्यावर आज-उद्या काहीतरी करता येईल ते, फवारणी, पंपाची दुरुस्ती, बँकेत फोन. दुसऱ्यात ज्यावर काहीच करता येत नाही ते, पाऊस, बाजारभाव. पहिल्या रकान्यातलं एक काम दुसऱ्या दिवशी करायचंच. सात वाजले की वही बंद. महिनाभरानं म्हणाले, 'डॉक्टर, साडेसहाला बसतो पण कधीकधी काय लिहायचं तेच आठवत नाही.' पाऊस त्या वर्षी पडलाच, बागेचं थोडं नुकसानही झालं. झोप मात्र परत गेली नाही.

तुम्ही कॅशवर बसता म्हणून एक खास विचारतो, कॅश जुळल्यावर परत मोजता का? लॉकर ओढून बघता का, गाडी अर्ध्या वाटेतून वळवून परत जाता का? असेल तर एकदा मोजा, एकदा सही करा, आणि उठा. ऑफिसचा नियम दोनदा मोजायचा असेल तर दोनदा, तिसऱ्यांदा नाही. आणि हे जर तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल, तासन्‌तास जात असतील, तर तो थोडा वेगळा आजार असू शकतो, तो समोरासमोर बघायला पाहिजे.

घरच्यांसाठी दोन ओळी, वहिनींना वाचायला द्या. 'टेन्शन घेऊ नका' ह्या वाक्यानं आजपर्यंत कोणाचं टेन्शन गेलेलं मी बघितलेलं नाही. आणि ते दहाव्यांदा 'मला काही होणार नाही ना' विचारतील तेव्हा दहाव्यांदा 'काही नाही होत' म्हणू नका, ते उत्तर म्हणजे दुसरं घड्याळच आहे. त्यापेक्षा 'भीती वाटतेय ना, वाटू दे, चला आपण भाजी घेऊन येऊ' असं म्हणा आणि खरंच भाजी आणायला जा. सुरुवातीला त्यांना तुम्ही कठोर वाटाल, म्हणून हे आधी दोघांनी बसून ठरवा, ऐन वेळी अचानक करू नका.

गोळ्यांचं. तुम्हाला नकोत तर आत्ता जबरदस्ती नाही, तुमच्या वर्णनावरून सहा ते आठ आठवडे वरचं सगळं मनापासून करून बघायला हरकत नाही, पॅनिकसाठी अशा प्रकारच्या उपचाराचा परिणाम औषधांच्या बरोबरीचा असतो. पण 'सवय लागते' हे सगळ्या गोळ्यांना सरसकट लावू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ह्यांची सवय लागते, ह्या थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या गोळ्या आहेत, आणि नेमक्या ह्याच लोक मेडिकलमधून 'अर्धी झोपेची द्या' म्हणून वर्षानुवर्षं घेतात. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन हा गट वेगळा. त्यांची तशी तलफ लागत नाही, गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढू शकते, आणि बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या. माझ्याकडं त्रास वाढणारे बहुतेक लोक गोळी घेतल्यामुळं नाही तर मधेच सोडल्यामुळं येतात.

किती फरक पडतोय हे मोजायला सात प्रश्नांची जीएडी-७ नावाची प्रश्नावली आहे, २००६ पासून जगभर वापरतात, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन, एकूण २१. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते म्हणून दोन आठवड्यांनीच भरा, रोज भरलीत तर मी परत घड्याळाची आठवण करून देईन. १० किंवा जास्त येत असेल आणि सहा-आठ आठवड्यांत खाली येत नसेल, किंवा कामावर जाणं बंद पडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, खाजगी परवडत नसेल तर सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयात ओपीडी आहे. जगण्यात अर्थ नाही असले विचार यायला लागले तर आठ आठवड्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टर गाठा, रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा केंद्र सरकारचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

हे सगळं एकदम सुरू करायला जाऊ नका, चार दिवसांत दमाल आणि म्हणाल जमत नाही. पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी. घड्याळातली नाडी बंद. दुपारी तीननंतर चहा नाही. आणि तीन संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सांगली स्टँडवर, कोल्हापूरच्या फलाटावर वीस मिनिटं, वही बरोबर घेऊन. तिथं बसल्यावर भीती १०० पैकी किती होती आणि उठताना किती होती हे दोन आकडे लिहून ठेवा. तिसऱ्या संध्याकाळचे आकडे मला सांगा, मग अंकलीची गाडी कुठल्या दिवशी धरायची ते ठरवू.